लाटा सुरू झाल्यावर मुलांकडे कोण बघतंय?

परीक्षा आटोपल्या, उष्णतेच्या लाटेचे इशारे रोज येऊ लागले आणि घरोघरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय रंगला: यंदा कोणत्या वॉटर पार्कला जायचं? तिकिटांच्या ऑफर, कुठली घसरगुंडी सगळ्यात उंच, जेवण पॅकेजमध्ये आहे की नाही, याची चर्चा तुमच्या ग्रुपवर होऊन गेली असेल, म्हणून ती इथे पुन्हा करत नाही. त्या चर्चेत सहसा न येणारा प्रश्न मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. पाण्यात उतरल्यावर आपल्या मुलांवर नजर कोणाची असणार? सहलीचं सगळं वेळापत्रक, म्हणजे पार्क कोणता, दिवस कोणता, किती वाजता पोचायचं, बरोबर किती मोठी माणसं हवीत, हे या एका प्रश्नावरून ठरावं असं माझं ठाम मत आहे.

याचं कारण फ्रँक पिया नावाच्या माणसाने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिलं. पिया न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक होते. उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर प्रचंड गर्दी व्हायची आणि त्यातले कितीतरी लोक पोहता न येणारे असायचे. बुडणारा माणूस प्रत्यक्षात कसा दिसतो, याचं चित्रीकरण पियांनी १९७०च्या सुमारास केलं आणि नंतर ते पाहून त्यातल्या हालचालींचा बारकाईने अभ्यास केला. सिनेमात बुडणारा माणूस हात उंच करतो, ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो. पियांना दिसलं ते याच्या अगदी उलट होतं.

बुडणारा माणूस ओरडत नाही, कारण तो ओरडू शकत नाही. आवाज काढायला श्वास लागतो, आणि त्याचं तोंड पाण्याबाहेर येतं ते इतक्या थोड्या वेळापुरतं, की श्वास सोडून पुन्हा घेणंही पुरतं जमत नाही. हात हलवून कुणाला बोलावणंही त्याच्या ताब्यात उरत नाही. दोन्ही हात आपोआप बाजूंना पसरतात आणि पाणी खाली दाबत राहतात, तोंड वर राहावं म्हणून शरीराने केलेली ती धडपड असते. शरीर उभं असतं, पाय मारणं जवळजवळ थांबलेलं असतं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, पोरगं उभ्या उभ्या पाण्याशी खेळतंय. पियांच्या निरीक्षणानुसार पृष्ठभागावरची ही धडपड वीस ते साठ सेकंद चालते, मग माणूस पाण्याखाली जातो. म्हणजे खिशातून मोबाइल काढून एक फोटो टिपायचा आणि तो ग्रुपवर टाकायचा, एवढ्यातच सगळं होऊन जाऊ शकतं.

आता हे सगळं आपल्याकडच्या मे महिन्यातल्या रविवारच्या वेव्ह पूलमध्ये ठेवून बघा. डीजे लागलेला, शेजारी रेन डान्स, लाटा सुरू होण्याआधीचा भोंगा वाजला की शेकडो माणसं आनंदाने किंचाळतात. तिथे न ओरडणारं मूल कुणाच्या लक्षात येणार? खोल भागाकडच्या भिंतीमागे बंद कप्पे असतात. मोठाले पंखे त्या कप्प्यांत हवा दाबून सोडतात, कप्प्यातलं पाणी खाली ढकललं जातं आणि पुढे तलावात लाट होऊन उसळतं. तळ समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू उतरता असल्यामुळे लाट उथळ भागाकडे येईल तशी फुटते आणि फेसाळते. फेस आला की तळ दिसेनासा होतो. पाणी शांत असताना छातीपर्यंत पाण्यात आरामात उभं असलेलं चार फुटांचं मूल लाट आल्यावर हनुवटीच्या वरपर्यंत बुडतं, पाय सुटतात, आणि मागे ओसरणारं पाणी त्याला खोल बाजूला दोन पावलं ओढून नेतं. पुढच्या लाटेच्या वेळी ते आधी होतं तिथे नसतं. आई-बाबा मात्र आधीच्याच जागेकडे बघत असतात.

प्रशिक्षित जीवरक्षकांसाठी एलिस अँड असोसिएट्स या अमेरिकी संस्थेने १०/२० हा नियम रूढ केला. नेमून दिलेल्या भागावरून दर दहा सेकंदांत एकदा नजर फिरवायची आणि संकट दिसल्यापासून वीस सेकंदांत त्या माणसापर्यंत पोचायचं. पियांचा वीस ते साठ सेकंदांचा हिशेब शेजारी ठेवला की हा नियम एवढा कडक का, ते कळतं. आपल्या पार्कमध्ये गेल्यावर पाच मिनिटं काठावर थांबून बघावं. जीवरक्षक उंच खुर्चीवर किंवा काठावर उभा राहून पाण्यावर सतत नजर फिरवतोय, की सावलीत बसून दोस्तांशी गप्पा मारतोय? भर गर्दीत त्यांची पाळी बदलते का? पार्क खरोखर कसा चालतो, याची एवढी खात्रीशीर माहिती कोणत्याही जाहिरातीत मिळत नाही.

जीवरक्षक चांगला असला तरी तो शेकडो लोकांना बघत असतो. आपलं मूल बघणारं माणूस घरचंच हवं. आपल्याकडे सहलीला दहा-बारा जण तरी जातात: दोन भावांची कुटुंबं, आत्या, आजी. मोठी माणसं इतकी असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणीतरी बघतंय. म्हणून पाळी लावा. एका वेळी एकच माणूस, पंधरा-वीस मिनिटं, हातात मोबाइल नाही, डोळे फक्त पाण्यावर. अमेरिकेत काही कुटुंबं गळ्यात एक पट्टी अडकवतात. ती ज्याच्या गळ्यात, पहारा त्याचा, आणि पाळी संपली की ती तोंडाने सांगून पुढच्याच्या हातात द्यायची. आपल्याला शाळेच्या जुन्या ओळखपत्राची दोरीही पुरेल. बहुतेक पार्कमध्ये साडी किंवा सुती कपड्यांवर पाण्यात उतरू देत नाहीत, त्यामुळे आजी आणि काकू पिशव्या सांभाळत शेडमध्ये बसतात. खरं तर घरातली सगळ्यात सावध नजर त्यांचीच असते. सामान लॉकरमध्ये ठेवा आणि त्यांना खुर्ची घेऊन वेव्ह पूलच्या काठाशी, सावलीत बसवा. पियांनी सांगितलेल्या खुणा त्यांना आधी समजावून सांगा. पाच वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत मात्र काठावरची नजर पुरत नाही. मोठं माणूस त्याच्या हाताच्या अंतरावर पाण्यातच हवं.

कपड्यांचा रंगही यातच येतो. निळ्या तळाच्या पाण्यात निळा किंवा पांढरा पोशाख दिसतच नाही. भडक केशरी, पोपटी, गडद गुलाबी रंग लगेच डोळ्यांत भरतो. हवा भरलेल्या दंडपट्ट्यांवर भरवसा ठेवू नका. त्या निसटतात, त्यातली हवा जाते. मापाचं लाइफ जॅकेट, दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं, पार्कमध्येच मागून घ्या. मुलाच्या दंडावर बॉलपेनने आपला मोबाइल नंबर लिहा.

उंच घसरगुंड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. खाली उंचीची पट्टी असते, काही ठिकाणी वजनाचा काटाही असतो. तिथे हुज्जत घालू नये. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत २०१४ मध्ये १६८ फूट उंचीची घसरगुंडी सुरू झाली होती, जगातली सर्वांत उंच म्हणून तिचा गाजावाजा झाला. २०१६ मध्ये तिच्यावर दहा वर्षांच्या मुलाचा जीव गेला आणि पुढे ती पाडून टाकण्यात आली. अशा घसरगुंडीवर तराफ्यात बसणाऱ्यांचं एकूण वजन किती आणि ते कसं विभागलंय, यावर तो तराफा चढावावर घसरगुंडीला धरून राहतो की उडतो, हे ठरतं. ‘दोन इंचांनी काय होतंय, जाऊ द्या हो पोराला’ असं म्हणणाऱ्या बापाला हे ठाऊक असायला हवं.

पार्कला सकाळी, दार उघडताना पोचायचं. एक कारण उघड आहे, रांगा नसतात आणि काँक्रीटचे चटके बसत नाहीत. दुसरं कारण पाण्याचं आहे. पाणी निर्जंतुक ठेवणारा क्लोरीन भर उन्हात झपाट्याने उडून जातो, आणि माणसांची गर्दी वाढली की घाम, तेल, लघवी यांच्याशी अभिक्रिया करण्यात तो खर्ची पडतो. त्यातून क्लोरामाइन तयार होतात. नाकाला झोंबणारा तो ‘स्विमिंग पूलचा वास’ त्यांचाच असतो आणि डोळे लाल होतात तेही त्यांच्यामुळे. वास जोरात येतोय म्हणजे औषध भरपूर घातलंय, हा समज चुकीचा आहे. पाण्यावर माणसांचा भार फार झाला, एवढंच तो वास सांगतो. उतरण्याआधी सगळ्यांनी अंघोळ करा ही पाटी त्यासाठीच असते. काठावरून खोल भागाच्या तळाची जाळी स्पष्ट दिसते का, हेही बघा. जाळी दिसत नसेल, तर तळाशी गेलेलं मूलही दिसणार नाही. पाणी गढूळ असणं हा निव्वळ स्वच्छतेचा मामला नसतो, तो इथे येऊन पुन्हा नजरेशीच भिडतो.

सगळ्यात जास्त काळजी सगळ्यात लहानांच्या घोटाभर पाण्याच्या तलावाची घ्यायला हवी. तिथे पाणी कमी, ऊन जास्त आणि डायपरमधली मुलं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका वॉटर पार्कमधल्या अशाच पाण्यातून ई. कोलायची लागण होऊन २६ मुलं आजारी पडली आणि एक दगावलं. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमीबाच्या बातम्यांनी आपल्याकडच्या पालकांच्याही पोटात गोळा आला होता. त्या अमीबाची लागण पाणी प्यायल्याने होत नाही, कोमट गोडं पाणी नाकात गेल्याने होते, आणि नीट क्लोरीन राखलेल्या पाण्यात तो टिकत नाही. म्हणजे पुन्हा प्रश्न क्लोरीनचाच. भारतीय मानक ब्युरोचं तरणतलावांच्या पाण्यासाठी आयएस ३३२८ हे मानक आहे. मग क्लोरीन किती, पीएच किती, शेवटची तपासणी किती वाजता झाली, हे फळ्यावर दर दोन तासांनी का लिहिलं जाऊ नये? तिकिटाचे दर ठळक अक्षरांत लावता येतात, तर हेही लावता येईल. तिकीट खिडकीवर प्रत्येक कुटुंबाने हे विचारायला सुरुवात केली, तर एका मोसमात फरक दिसेल, असं मला मनापासून वाटतं.

दुष्काळाच्या वर्षी पाण्याच्या या खेळाकडे रागाने बघितलं जातं, आणि तो राग समजण्यासारखा आहे. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं आणि त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. वॉटर पार्क तेच पाणी गाळून फिरवत राहतो, रोज नव्याने भरत नाही. पण बाष्पीभवन, बाहेर उडणारं पाणी आणि गाळणी उलटी धुताना वाया जाणारं पाणी रोज भरून काढावं लागतं. ते कुठून येतं, टँकरने येतं का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

आता मार्गाचं बघू. गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९चं, वॉटर किंगडम १९९८चं. एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं, तरी बोरिवलीहून किंवा मार्वेहून फेरीबोटीने खाडी ओलांडून वॉटर किंगडमला जाण्यातली गंमत मुलांना आजही तेवढीच वाटते, आणि शेजारी विपश्यना पॅगोडा आहे. चार दिवस असतील, तर मला खोपोली-लोणावळ्याचा पट्टा सगळ्यात सोयीचा वाटतो. खोपोलीजवळ इमॅजिकाचा वॉटर पार्क, वर लोणावळ्याला वेट अँड जॉय, मधल्या दिवशी महडचा वरदविनायक, पालीचा बल्लाळेश्वर किंवा कार्ल्याची लेणी. शिर्डीला जाणाऱ्यांना दर्शन आणि पाणी दोन्ही एकाच गावात मिळतं. ओळीने दोन दिवस पार्क मात्र ठेवू नका. दुसऱ्या दिवशी मुलं दमलेली असतात, पोहणाऱ्यांचेही हातपाय गळतात, आणि मोठ्यांची नजरही मंदावते. शनिवार-रविवार टाळून मधला वार धरा आणि संध्याकाळी घाट उतरायचा असेल तर मुक्कामच करा. दिवसभर पाण्यात खेळून दमलेल्या माणसाने रात्री गाडी चालवणं धोक्याचं आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यावर फार विसंबू नका. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत येऊन थडकला होता आणि कित्येकांचे बेत वाहून गेले.

आणि घरात कुणाला जुलाब झाले असतील, तर बेत पुढे ढकला. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही कित्येक दिवस जिवंत राहतो, आणि त्याची लागण झाली असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात उतरू नये, असं सांगितलं जातं. पोरं रडतील, पैसे भरलेले असतील, म्हणून बरेचजण औषध देऊन नेतात. ते टाळायला तिकीट काढतानाच तारीख बदलून मिळते का, हे विचारून ठेवा, म्हणजे निघायच्या आदल्या रात्री घरात हा निर्णय घेणं जड जाणार नाही.