समुद्रापार गेलेले पूर्वज आणि डीएनएची साक्ष

महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यातील माणूस पोटासाठी बाहेर पडला, हा इतिहास आपणांस मुंबईच्या गिरण्या, गोद्या आणि लष्कराच्या पलटणी यांच्यापुरताच ठाऊक असतो. परंतु १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून सुमारे साडेचार लाख भारतीय मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेले आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज तेथे मराठी शिकतात, गणेशोत्सव साजरा करतात. मूळ गाव मात्र अनेकांना सांगता येत नाही. इकडे मागे राहिलेल्या आपल्या समाजाची स्थिती तरी काय निराळी? जमीन नाही म्हणून सातबारा नाही, शाळा बंद म्हणून दाखला नाही. पणजोबांच्या पलीकडचे नाव सांगणारे घर विरळाच. अशा घरांना डीएनए चाचणी हा एक नवा दस्तऐवज उपलब्ध झाला आहे.

चाचणीसाठी लाळेचा नमुना द्यावा लागतो. आपल्या डीएनएचे कोणते तुकडे संग्रहातील इतर व्यक्तींशी जुळतात हे तपासले जाते आणि जुळणीची लांबी सेंटीमॉर्गन या एककात सांगितली जाते. प्रत्येक पिढीत पूर्वजाचा वाटा सरासरीने निम्मा होतो. समजा, १८६० च्या सुमारास दोघा भावांपैकी एक जहाजावर चढला व दुसरा गावी राहिला. त्यांच्या पणतवंडांच्या मुलांची तुलना केली, तर साधारण निम्म्या जोड्यांत ओळखता येईल असा एकही समान तुकडा उरलेला नसतो. म्हणून घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीचा नमुना आधी घ्यावा. जुळणी न मिळणे म्हणजे नाते नसणे नव्हे. शिवाय या संग्रहांत युरोपीय वंशाचे लोक बहुसंख्य आहेत, भारतीय थोडे.

खरी अडचण पुढेच आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात, जातीबाहेर विवाह न करणे हेच जातीचे मूळ लक्षण असल्याचे दाखवून दिले. तीच प्रथा आज वंशशोधकाला चकवते. मोजक्या गावांत सोयरिकी, त्यात मामाच्या मुलीशी विवाह. त्यामुळे एकच पूर्वज दोन-तीन वाटांनी आपल्यात उतरतो. जुळणीची बेरीज फुगते आणि दूरचा नातलग चुलतभावासारखा दिसू लागतो. आमच्या मते अशा वेळी बेरजेवर विसंबू नये, सर्वांत लांब अखंड तुकडा पाहावा. लहान तुकडे पुष्कळ असतील, तर ती बहुधा जुन्या सोयरिकींची खूण समजावी. वंशाच्या शुद्धतेचा पुरावा म्हणून या चाचणीकडे पाहणारेही भेटतात. त्यांनी तो १९१६ चा निबंध अवश्य वाचावा.

जुळणी मिळाली तरी गावाचे नाव डीएनए सांगत नाही, त्यासाठी कागदच लागतो. मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. त्यांत नाव, वडिलांचे नाव, वय, जात, गाव अशा नोंदी असून पुढील काळातील काहींची छायाचित्रेही आहेत. परक्या कारकुनांनी कानाला ऐकू आले तसे लिहिल्याने नावे ओळखू येत नाहीत. ‘रायगड’ जिल्हा तर तेथे शोधूच नये. १९८१ पर्यंत तो कुलाबा होता. आणि नमुना पाठविण्यापूर्वी भावकीची संमती घ्यावी, कारण एकाच्या लाळेतून साऱ्या घराची माहिती बाहेर जाते.

विद्यार्थ्यांनी आपल्या आजीचे व पणजीचे माहेर, सोयरिकीची गावे आणि परदेशी गेलेल्या माणसाविषयी घरात बोलले जाणारे शब्द आजच वहीत उतरवून घ्यावेत. मॉरिशसहून जुळणी आलीच, तर ती कोणत्या वाडीशी जोडावयाची, हे याच वहीतून शोधावे लागेल.