डाव्या हाताची कमाई

आम्हा ड्रॉइंगवाल्यांना मंडळाच्या कार्यक्रमाला उशीर होतो, त्याचं कारण दर वेळी अवघड डिझाइन नसतं. साठ ड्रॉइंग्ज एकामागून एक उघडायची, प्रत्येकात तोच लेयर बंद करायचा आणि सेव्ह करायचं, यातच संध्याकाळ जाते. ही हमाली संगणकावर सोपवता येते आणि त्यासाठी प्रोग्रामर असावं लागत नाही.

१९८२ साली आलेल्या ऑटोकॅडचंच उदाहरण घेऊ. उजवा हात माउसवर, डावा मोकळा. ‘अकॅड डॉट पीजीपी’ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आज्ञांची लघुरूपं असतात: ‘एल’ म्हणजे लाइन, ‘सी’ म्हणजे सर्कल. कॉपीसाठी ‘सीओ’ आहे, पण ‘ओ’ पडतो उजवीकडे. म्हणून आम्ही शेवटी एक ओळ घालून ‘सीसी’ केलं. एंटरऐवजी अंगठ्याने स्पेसबार दाबला तरी चालतं.

लघुरूपाने आज्ञेचं फक्त नाव आखूड होतं. ‘झूम’ आणि पाठोपाठ ‘एक्स्टेंट्स’ एका दमात हवं असेल तर ऑटोलिस्प वापरावं. जॉन मॅकार्थी यांच्या १९५८ च्या लिस्प भाषेचं हे नातवंड १९८६ पासून ऑटोकॅडमध्ये आहे. स्वस्तातल्या ‘एलटी’मध्ये ते नव्हतं, २०२४ च्या आवृत्तीपासून तिथेही आलं.

साठ ड्रॉइंग्जसाठी मात्र स्क्रिप्ट. आपण हाताने टाइप करू त्याच आज्ञा, त्याच क्रमाने, एका फाइलमध्ये लिहायच्या. इथे गंमत बघा: स्पेस म्हणजे एंटर, हा नियम इथेही लागू. ओळीच्या शेवटी न दिसणारी एक जास्तीची स्पेस राहिली की पुढचं सगळं गणित चुकतं! आणि चुकीची स्क्रिप्ट साठही ड्रॉइंग्ज तितक्याच झपाट्याने बिघडवते. तेव्हा आधी दोन ड्रॉइंग्जच्या प्रतींवर चालवून बघावी.

आमच्या मते खरा धोका वेगळाच. या फाइल्स बहुधा एकाच माणसाच्या संगणकावर असतात. तो नोकरी बदलतो आणि मागे राहिलेल्यांना कुठलं लघुरूप काय करतं याचा पत्ता नसतो. मग पुन्हा हमाली सुरू. उपाय फुकटचा आहे. तिन्ही प्रकारच्या फाइल्समध्ये अर्धविरामाने सुरू होणारी ओळ संगणक वाचत नाही. ती माणसांसाठी असते. तिथे लिहावं: हे काय करतं, कशासाठी केलं. आणि फाइल सर्वांना मिळेल अशा जागी ठेवावी.

तुमच्याकडेही अशा युक्त्या असतील. पुढच्या अंकासाठी जरूर कळवा.