सायकल ठेवायची कुठे?

बेळगाव-खानापूरकडच्या पुष्कळ घरांचे गोव्यात कोणी ना कोणी असतेच. कुणाची मुलगी तिकडे दिलेली, कुणाची सून तिकडून आणलेली. आमची आत्या मोरजीला दिली. चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली, म्हापसा करीत शिवोलीला पोचले की पूल ओलांडून चोपड्याला पेडणे तालुका लागतो, आणि तिथून शापोरा नदीच्या कडेकडेने रस्ता मोरजीत शिरतो. गाव मोरजाईचे. टेंबावरच्या वाळूत हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालायला येतात, म्हणून आता ते जगाला ठाऊक झाले आहे. पण मला सांगायचे आहे ते कासवांबद्दल नाही, सायकलींबद्दल. गेली दोन-तीन वर्षे आत्याच्या घरी जेवायला बसले की हटकून एकच वाद निघतो, "सायकल खंय ठेवची?" आमच्या बेळगावच्या शेजारीणबाई हाच प्रश्न त्यांच्या मुलांना कन्नडमध्ये विचारतात, "सायकल एल्ली इडूदु?" जागा हा शब्द दोन्ही भाषांत आहे आणि दोन्हीकडे तो 'नाही' या शब्दालाच चिकटून येतो. मराठीत जागा नाही, कन्नडमध्ये जागा इल्ला.

पूर्वी हा प्रश्न पडत नसे. पेडण्याकडच्या जुन्या घराची मांडणी आठवा. पुढे सारवलेले खळे, खळ्यात तुळस, मग दोन पायऱ्या चढून सोपा, आणि घराच्या कडेने उतरत्या छपराची पडवी. आपल्याकडची पडसाल तशीच. मामांची, म्हणजे आत्याच्या यजमानांची, हर्क्युलिस सायकल या पडवीत उभी असे. चोवीस इंची, काळी, मागे जाड सळ्यांचे कॅरियर आणि खाली दोन पायांचे भक्कम स्टँड. ती कशाला टेकवावी लागत नसे. मामा सकाळी चहा घेऊन उठत, पायाने स्टँड मागे सारीत आणि पायरीवरूनच टांग मारीत. सायकल काढणे असे वेगळे काम नव्हतेच.

मग पडवीत स्कूटर आली. मग आतेभावाची मोटारसायकल. मग पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. मोरजीत आज समुद्राच्या अंगाला ज्याचे घर आहे त्याने निदान एक खोली भाड्याने दिलेली असते, आणि २०२३ च्या जानेवारीपासून तालुक्यातच मोप्याला विमाने उतरू लागली आहेत. पाहुण्यांच्या खोलीपुढे पडवीत वेताच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. शेवटी मोटार आली. यात आत्याच्या घराचे काही विशेष नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्यातल्या सुमारे ४५ टक्के घरांत मोटार आढळली. देशाची सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास असताना हा आकडा सगळ्या राज्यांत वरचा आहे. याच पाहणीत देशातल्या निम्म्या घरांत सायकल सापडली. ती त्या घरांत कुठे ठेवलेली होती आणि शेवटची कधी बाहेर काढली होती, हे मात्र पाहणीवाले विचारीत नाहीत.

मोटारीसाठी घराच्या उजव्या अंगाला चिऱ्याच्या दोन भिंती घालून, वर लोखंडी पाइपांवर सिमेंटचे पत्रे टाकून गॅरेज बांधले. आतून रुंदी आठ फूट, लांबी सोळा फूट. नारळाचे झाड तोडायचे नव्हते, म्हणून याहून मोठे झाले नाही. आणि त्यात ठेवायचे होते काय? एक वॅगन आर, मामांची हर्क्युलिस, आतेभावाने हौसेने घेतलेली गिअरची सायकल, नववीतल्या नातीची लेडीज सायकल आणि तिला आता लहान पडणारी जुनी छोटी सायकल.

हिशेब मी तिथेच टेप घेऊन केला, तो वाचकांनाही उपयोगी पडेल. वॅगन आर आरसे सोडून सुमारे पाच फूट चार इंच रुंद आणि बारा फूट लांब आहे. आठ फुटांतून ती वजा केली की दोन फूट आठ इंच उरतात. चालवणाऱ्याला दार उघडून उतरायला निदान दोन फूट हवेत. म्हणजे दुसऱ्या अंगाला राहिले आठ इंच. सायकलीचे हँडल दोन फूट रुंद असते. हँडलचा बोल्ट सैल करून ते आडवे फिरवले तरी पेडल आडवे येतेच. थोडक्यात, मोटारीच्या कडेला सायकल मावत नाही. मोटारीच्या पुढे मात्र चार फूट मोकळे राहतात, आणि सायकलीची लांबी सहा फूट असल्याने ती आठ फुटांच्या भिंतीला आडवी आरामात लागते. दोन सायकली एकीचे तोंड इकडे आणि दुसरीचे तिकडे अशा उभ्या केल्या तर एकीचे हँडल दुसरीच्या मागच्या चाकावर येते आणि दोन्ही मिळून तीन फुटांत बसतात. दोघींची तोंडे एकाच बाजूला केली की हँडलाला हँडल अडते आणि चार फूट लागतात. आतेभावाने नेमके हेच केले होते, वर तिसरी सायकल त्यांच्यावर रेलून ठेवली होती.

कागदावर सगळे बसले. पण ती बाहेर कशी काढायची? मोटार आत असली की वाट उरते ती चालकाच्या अंगाच्या दोन फुटांची, आणि हँडलही दोन फुटांचे. सायकल काढायची तर एक तर मोटारीच्या रंगावर ओरखडा, नाही तर आधी मोटार बाहेर. नातीची शिकवणी विठ्ठलदासवाड्यावर, सायकलने दहा मिनिटांची वाट. पण सायकल काढायला आजोबांना हाक मारा, बाबांकडून किल्ली मागा, मोटार मागे घ्या, एवढे सगळे कोण करतो? ती बाबांच्या स्कूटरवर मागे बसून जाऊ लागली. दोन महिन्यांत तिच्या सायकलीची हवा गेली, चार महिन्यांत साखळी तांबडी झाली, आणि आत्या म्हणू लागली, "वापरत तर नाहीच कोण, भंगारवाल्याला देऊन टाकूया." त्या यादीत मामांची हर्क्युलिसही होती. मामा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी ते जेवणावरून लवकर उठले.

मला इथे आत्याशी वाद घालावासा वाटला. पोर सायकल चालवेनाशी झाली ती आळसाने नाही, सायकल चौथ्या रांगेत गेली म्हणून. गोव्यातल्या पोदेराकडे बघा. सकाळी पोंपों वाजवीत पाव घेऊन येतो तो. आता काही जण मोटारसायकलवर येतात, पण सायकलवाले अजून आहेत. त्याची सायकल भट्टीच्या दाराशी, तोंड रस्त्याकडे करून उभी असते. मागे एवढी मोठी टोपली असूनही ती कोणी आत कोंबून ठेवीत नाही, कारण पहाटे ती निघाली नाही तर पाव गावात पोचणार नाही. जी रोज लागते ती दाराशी हवी. एवढे धरले की बाकीची मांडणी आपोआप सुचत जाते.

आतेभावाचा उपाय वेगळा होता, तो म्हणजे सगळ्या सायकली भिंतीला टांगायच्या. दुकानात हुक मिळतात, सोबत फास्टनर. मिस्त्रीने सरळ चिऱ्यात भोके पाडून हुक ठोकले. चिरा सच्छिद्र आणि मऊ असतो. फास्टनर आत फुगतो तो काँक्रीटमध्ये घट्ट धरतो, चिऱ्यात मात्र भोवतालचा भुगा करतो. पंधरा दिवसांत एका रात्री गिअरची सायकल हुकासकट खाली आली. खाली मोटारीचे बॉनेट होते. रात्री कोणी तिथे नव्हते हे नशीब, नाही तर त्याच जागी दुपारी नात अभ्यासाला बसते. चिऱ्याच्या भिंतीवर टांगायचेच असेल तर दोन इंच जाडीची लांब फळी घ्यावी आणि ती काँक्रीटच्या खांबाला किंवा बीमला पक्की करावी, हुक फळीत बसवावेत. खांब नसेल तर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी द्यावी. हुकाला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की रिमला खरचटत नाही. पण काहीही केले तरी वीस किलोची हर्क्युलिस सत्तरीतल्या माणसाने उचलून टांगावी, ही अपेक्षा चुकीची आहे. टांगायची ती हलकी आणि क्वचित लागणारी.

आणि टांगण्याची विद्या आपल्या घरांना नवी नाही. दूधदुभते मांजरापासून वाचवायला शिंके होते. माळा होता, कन्नडमध्ये अट्ट. पेडण्यात चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, रानातली फळे, भोपळा, काकड्या असे कितीतरी वजन दोऱ्यांनी लोंबत असते, आणि ते पडत नाही. कारण बांधणारा रिपेला बांधीत नाही, वाशाला किंवा त्याखालच्या तुळईला बांधतो. छोटी सायकल आम्ही त्याच रीतीने टांगली. पत्र्याला हात न लावता, भिंतीवर टेकलेल्या लोखंडी पाइपाला दोन कप्प्या, नायलॉनची दोरी, आणि दोरी अडकवायला भिंतीजवळच्या खांबावर खुंटी. अर्ध्या दिवसाचे काम. आता धाकट्या नातवाला चालवता येईपर्यंत ती वर राहील. तोवर तिचा रंग जायला नको म्हणून आत्याने तिच्यावर जुने लुगडे गुंडाळले. प्लास्टिक गुंडाळायला निघाली होती, ते थांबवले.

कारण मोरजीत सायकलीचा खरा वैरी गंज आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात आणि ते सगळ्यावर बसतात. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ आपण होऊन हवेतले पाणी ओढून घेते आणि ओले होते. म्हणजे पाऊस पडो न पडो, सायकल रात्रभर खाऱ्या पाण्याच्या पातळ थरात उभी असते. प्लास्टिक टाकले की ही ओल आतच कोंडते. सुती कापडातून ती निघून जाते. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावी, कोरडी करावी आणि साखळीला शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब द्यावेत. जास्तीचे तेल पुसून टाकावे. खोबरेल हाताशी असते म्हणून सर्रास लावतात, पण ते वाळू धरून ठेवते आणि वाळू दात खाते. पश्चिमेच्या भिंतीला सायकल टेकवू नये. पावसाळ्यात चिरा ओल धरतो, झडही त्याच अंगाने येते. टायर फार दिवस हवेविना जमिनीवर राहिला तर एकाच जागी दबून चिरतो, म्हणून महिन्यातून एकदा हवा भरावी, नाही तर स्टँडवर चाक उचललेले ठेवावे.

आपल्या सीमाभागातल्या घरांत ही अडचण थोड्या निराळ्या वाटेने आली. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुलांना मोफत सायकली द्यायला सुरुवात केली. आधी मुलींना मिळाल्या, मग मुलांनाही. दोन-तीन वर्षांच्या अंतराने भावंडे असली की घरात दोन-तीन सारख्याच सायकली जमत. मुलगी दहावी होऊन कॉलेजला बसने जाऊ लागली तरी तिची सायकल हित्तलात, म्हणजे परसात, पत्र्याखाली पडून. मी कॉलेजात मुलांना विचारतो तेव्हा अनेकांच्या घरी अशी एक तरी निघते. ती टांगून ठेवण्याच्या भानगडीत पडूच नये असे माझे मत आहे. दोनशे-चारशे रुपयांत टायर-ट्यूब आणि ब्रेकचे रबर बदलून वाडीवरच्या पोराला देऊन टाकावी. चालत शाळेला जाणारी पोरे अजून पुष्कळ आहेत.

मोरजीत मात्र देऊन टाकण्यासारखी छोटी सायकलसुद्धा नव्हती, नातवाचा हक्क आधीच लागला होता. म्हणून पडवीचा निकाल लावावा लागला. पाहुण्यांच्या चार वेताच्या खुर्च्यांपैकी दोन आत गेल्या. तिथे पूर्वेच्या अंगाला, छपराखाली, नातीची सायकल आली, तोंड खळ्याकडे, भिंतीतल्या कडीला साखळीने कुलूप. आतेभावाला ही व्यवस्था पसंत नव्हती. पाहुण्यांना पडवीत सायकल बघायला बरे वाटत नाही म्हणे. आत्या म्हणाली, "पावण्यांका सायकल बरी दिसता, तेच भाड्यान घेवन फिरतत." यावर त्याला बोलता आले नाही. गिअरची सायकल आणि हर्क्युलिस गॅरेजात पुढच्या भिंतीला, तोंडे उलटसुलट करून उभ्या राहिल्या. बाहेरच्या अंगाला हर्क्युलिस, कारण गिअरवाली रविवारीच निघते, आणि रविवारी मोटार बाहेरच असते.

मामा हर्क्युलिस रोज काढतात असे नाही. गुडघे दुखतात. पण मोटार बाहेर गेली की ते गॅरेजात जातात, स्टँडवर मागचे चाक फिरवून बघतात, घंटी वाजवून बघतात. गेल्या श्रावणात एका उघडिपीला ते तिच्यावरून मोरजाईच्या देवळापर्यंत जाऊन आले. येताना हातात धरून आले, चढावर बसवेना म्हणाले. नात मात्र शिकवणीला सायकलने जाते, पावसाचे चार महिने सोडून. पावसात जात नाही, कारण रस्ता अरुंद आणि भाड्याच्या मोटारी भरधाव. त्याला गॅरेजात उपाय नाही.

यंदा चतुर्थीच्या आधी पडवी रिकामी करावी लागेल, पाहुणेमंडळी बसायला तीच जागा. तेवढे पाच दिवस नातीची सायकल खळ्यात, तुळशीच्या मागे राहील असे ठरले आहे. पाऊस आला तर वर टाकायला विणलेले चुडत आत्याने आतापासून काढून ठेवले आहे.