संख्याशास्त्राच्या चित्रफिती : निवड आणि अभ्यास

बेळगावातील एखाद्या मराठी शाळेतील बाई शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर परीक्षेसाठी प्रबंध लिहीत आहेत, असे समजावे. विषय साधा आहे : दुरून चालत येणाऱ्या मुलांची वर्गातील हजेरी कमी असते काय? एकशेवीस मुलांच्या माहितीचे तक्ते भरून झाले आहेत. प्रत्येकावर घर ते शाळा हे अंतर, आईवडिलांचा व्यवसाय, वर्षभरातील हजेरीचे दिवस आणि वार्षिक परीक्षेतील गुण यांची नोंद आहे. तक्त्यांचा गठ्ठा कपाटात पडून आहे आणि मार्गदर्शकांनी एकच वाक्य सांगितले आहे, ‘आता याचे सांख्यिकीय विश्लेषण करा.’ महाविद्यालयात बाईंचा विषय मराठी होता. गणिताशी असलेला संबंध दहावीनंतर सुटला तो सुटलाच. रात्री घरची कामे आटोपल्यावर त्या मोबाईलवर यूट्यूब उघडतात, शोधपट्टीत दोन शब्द लिहितात, आणि क्षणार्धात चित्रफितींची अशी रांग लागते की तिचा शेवट दिसत नाही. कुणी दहा मिनिटांत सारे संख्याशास्त्र शिकवू पाहतो, तर कुणी चाळीस तासांची व्याख्यानमाला पुढे करतो. यातले घ्यावे काय आणि सोडावे काय?

प्रश्न लहान नाही. या गठ्ठ्यातून जो निष्कर्ष निघेल त्याच्या आधारे शाळा काही निर्णय घेईल. कदाचित बसगाडीची मागणी करील, कदाचित दूरच्या मुलांच्या पालकांना बोलावून त्यांनाच बोल लावील. विश्लेषण चुकले तर त्याचा भार मुलांनी सोसावयाचा आहे.

पडद्यावरून संख्याशास्त्र शिकविण्याची कल्पना मुळीच नवी नव्हे. अमेरिकेत एनबीसी या दूरचित्रवाणी संस्थेच्या ‘कॉन्टिनेंटल क्लासरूम’ या पहाटेच्या कार्यक्रमात १९६१ साली हार्वर्ड विद्यापीठाचे फ्रेडरिक मोस्टेलर यांनी संभाव्यता आणि संख्याशास्त्र हा विषय शिकविला, आणि देशभरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी तो पाहून परीक्षेस बसले. ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठाचे पाठ १९७१च्या जानेवारीपासून बीबीसीवरून सुरू झाले. भारतात विद्यापीठ अनुदान मंडळाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर दिसू लागला. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत ‘अगेन्स्ट ऑल ऑड्स’ ही प्रत्येकी अर्ध्या तासाची सव्वीस भागांची मालिका केवळ प्राथमिक संख्याशास्त्रासाठी तयार झाली. डेव्हिड मूर या नामांकित प्राध्यापकांचे तिला मार्गदर्शन होते.

या सर्वांत एक गोष्ट समान होती. पाठांचा क्रम कुणा जाणत्या माणसाने आधी ठरविलेला असे. आज चित्रफिती हव्या तेव्हा, हव्या तितक्या वेळा आणि बहुधा विनामूल्य पाहता येतात. परंतु क्रम लावण्याचे जे काम पूर्वी शिक्षक करी, ते आता नकळत शिकणाऱ्याच्याच अंगावर येऊन पडले आहे, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. घाईत असलेला मनुष्य ‘टी-टेस्ट कशी करावी’ असा शोध घेतो, सात मिनिटांची चित्रफीत पाहतो, संगणकाच्या पडद्यावर कोठे बोट दाबावे ते टिपून घेतो आणि प्रबंधात एक आकडा लिहून मोकळा होतो. तो आकडा काय सांगतो हे परीक्षकाने विचारले की मात्र पंचाईत होते.

म्हणून चित्रफीत शोधण्यापूर्वी एका कागदावर क्रम लिहून काढावा. प्रथम माहितीचे प्रकार : अंतर ही मोजता येणारी राशी आहे, व्यवसाय हा केवळ वर्ग आहे, आणि दोहोंना एकच रीत लागू पडत नाही. त्यानंतर आलेख. मग मध्य, मध्यक व बहुलक. त्यामागून आकड्यांचा विखार मोजणारे प्रमाण विचलन. पुढे दोन राशींमधील सहसंबंध, नमुना कसा निवडावा, संभाव्यतेची तोंडओळख, आणि सर्वांत शेवटी नमुन्यावरून समूहाविषयी अनुमान. टी-टेस्ट या शेवटच्या पायरीवर येते. शोध घेताना मराठी संज्ञांनी फारसे हाती लागत नाही हे खेदाने मान्य करावे लागते. तेव्हा त्याच कागदावर मध्यक म्हणजे मीडियन, प्रमाण विचलन म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, सहसंबंध म्हणजे कोरिलेशन, अशी जोडयादी करून ठेवावी.

यांपैकी प्रमाण विचलन हा पाठ असा आहे की शिकविणाऱ्याची पारख त्यावर चांगली होते. दोन वर्गांतील पाच-पाच मुलांचे गुण घ्यावेत. पहिल्या वर्गात ४६, ४८, ५०, ५२, ५४. दुसऱ्यात १०, ३०, ५०, ७०, ९०. दोन्हींची सरासरी ५० आणि दोन्हींचा मध्यकही ५०. तरीसुद्धा दोन्ही वर्ग सारखे आहेत असे कोणताही शिक्षक म्हणणार नाही. फरक दाखवायचा तर प्रत्येक गुण सरासरीपासून किती दूर आहे ते पाहावे लागते. ही अंतरे नुसती मिळविली तर उणे-अधिक होऊन बेरीज शून्य येते. म्हणून त्यांचे वर्ग करावयाचे. पहिल्या वर्गात वर्गांची बेरीज ४० येते, दुसऱ्यात ४०००. पाचने भागून वर्गमूळ काढले की पहिल्याचे प्रमाण विचलन सुमारे २.८३ आणि दुसऱ्याचे २८.२८.

येथवर सारे सुरळीत असते. मग शिकणारा दुसरी चित्रफीत पाहतो आणि तेथे पाचऐवजी चारने भागलेले दिसते. उत्तर ३.१६ येते. कोण चुकले? कुणीच नाही. ही पाच मुले म्हणजेच संपूर्ण समूह असेल तर पाचने भागावे. ती मोठ्या समूहातून घेतलेला नमुना असतील तर चारने भागावे; कारण नमुन्याची स्वतःची सरासरी त्या आकड्यांच्या सर्वांत जवळची असते, तीपासून मोजलेल्या अंतरांच्या वर्गांची बेरीज खऱ्यापेक्षा थोडी कमी भरते, आणि लहान संख्येने भागून ती तूट काढली जाते. संगणकाच्या तक्त्यातही याच कारणाने एसटीडीईव्ही.पी आणि एसटीडीईव्ही.एस अशी दोन सूत्रे असतात. जी चित्रफीत हा भेद सांगते, किंवा निदान ‘येथे भेद आहे, पुढे पाहू’ असे प्रामाणिकपणे म्हणते, ती ठेवावी. जी नुसती संख्या बदलून पुढे जाते, ती सोडावी.

दुसरी कसोटी याहून कडक आहे. पी-व्हॅल्यू या शब्दाची व्याख्या ऐकावी. ‘गृहीतक खरे असण्याची संभाव्यता म्हणजे पी’ असे कुणी म्हणाला तर ती चित्रफीत तेथेच बंद करणे श्रेयस्कर. अंतर आणि हजेरी यांत काहीच संबंध नाही असे मानले, तर हाती आलेल्या आकड्यांइतका किंवा त्याहून ठळक संबंध केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढेच पी सांगते. मूळ मान्यता खरी की खोटी, हे सांगत नाही. या गैरसमजाने विद्वानांनाही इतके घेरले होते की अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये त्याविरुद्ध जाहीर निवेदन काढावे लागले.

आता प्रत्यक्ष साधने. ज्याचे गणित जुने झाले आहे त्याने आरंभ दहावीच्या पुस्तकाने करावा. बालभारतीच्या गणित भाग पहिल्यात सांख्यिकीचे प्रकरण आहे, पुस्तक संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, आणि इंदूर, बडोदे वा बेळगाव येथील मराठी वाचकासही ते तितकेच उघडे आहे. इंग्रजी चालत असेल तर त्यापुढची पायरी खान अकॅडमीची. सलमान खान यांनी स्थापलेली ही संस्था २००८ पासून ना-नफा तत्त्वावर चालते. तिचे पाठ छोटे असतात आणि प्रत्येकामागे सोडविण्यासाठी उदाहरणे असतात. हिंदीतही तिचे बरेच साहित्य आहे. शैली काहीशी संथ आहे, परंतु नवख्याला संथपणा मानवतो.

जॉश स्टार्मर यांचे ‘स्टॅटक्वेस्ट’ पुष्कळांना प्रिय आहे. अनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांना विश्लेषण समजावे म्हणून त्यांनी या चित्रफिती सुरू केल्या. आरंभी ते एक विक्षिप्त गाणे म्हणतात ते सोसावे. पुढचे विवेचन पायरी पायरीने जाते आणि एकही पायरी गाळीत नाही. ‘क्रॅश कोर्स’ची २०१८ची संख्याशास्त्रमाला चुरचुरीत आहे खरी, पण तिचा वेग इतका की ती उजळणीसाठीच बरी. ‘थ्री ब्लू वन ब्राउन’ या नावाने ग्रँट सँडरसन यांनी केलेली चलचित्रे, विशेषतः मध्यवर्ती सीमा सिद्धान्तावरील, पाहताना डोळ्यांना सुख होते. मात्र ती आकडेमोड शिकवीत नाहीत, आणि तसा त्यांचा दावाही नाही. हार्वर्डचे जो ब्लिट्झस्टीन यांची ‘स्टॅटिस्टिक्स ११०’ ही व्याख्याने उत्कृष्ट होत. पण त्यांना कलनाचे गणित लागते आणि त्यांचा विषय मुख्यतः संभाव्यता आहे. प्रबंधाची तारीख जवळ आलेल्या बाईंनी त्यांच्या वाटेस जाऊ नये.

शिस्तीचा अभ्यासक्रम हवा असेल त्यांच्यासाठी आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचा २००३ मध्ये सुरू झालेला एनपीटेल हा उपक्रम, आणि २०१७ पासून केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ आहे. येथे आठवड्यागणिक पाठ येतात, गृहपाठ असतो, आणि शुल्क भरून परीक्षाही देता येते. व्याख्याने कित्येकदा रुक्ष असतात. तथापि क्रम लावण्याचे ओझे पुन्हा शिक्षकाच्या खांद्यावर जाते, हा लाभ थोडा नव्हे.

मराठी माणसाने विशेष ध्यानात ठेवावे असे साधन मात्र निराळेच आहे. आय.आय.टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लिबरऑफिस कॅल्कसारखी विनामूल्य संगणकसाधने सुमारे दहा-दहा मिनिटांच्या पाठांतून शिकविली जातात, आणि त्यांतील अनेक पाठ मराठी निवेदनासह मिळतात. अर्ध्या पडद्यावर पाठ चालू ठेवावा, उरलेल्या अर्ध्यावर तीच कृती स्वतः करावी, अशी त्यांची पद्धत आहे. ती वरकरणी क्षुल्लक वाटते, परंतु चित्रफितींच्या सर्वांत मोठ्या दोषावरचा उतारा तीत आहे.

तो दोष असा. कुशल माणसाचे काम पुनःपुन्हा पाहिले की ते आपल्यालाही जमेल असा पाहणाऱ्याचा समज होतो. शिकागो विद्यापीठातील मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, टेबलावरील भांडी न हलविता खालचा कपडा झटक्याने ओढून काढण्याची करामत काही जणांना अनेक वेळा दाखविली. जितके अधिक पाहिले तितका त्यांचा आत्मविश्वास वाढला. प्रत्यक्ष कौशल्य वाढले असे मात्र दिसले नाही. संख्याशास्त्राचे निराळे काय असणार? फळ्यावर दुसऱ्याने सोडविलेले उदाहरण पाहताना प्रत्येक ओळ पटत जाते. म्हणून शिक्षकाने आकडे मांडले की चित्रफीत थांबवावी, कागदावर उत्तर काढावे आणि मगच पुढे चालवावी. दहा मिनिटांच्या पाठाला अशाने अर्धा तास लागतो. तो लागू द्यावा. त्यानंतर तीच रीत स्वतःच्या गठ्ठ्यातील पाच तक्त्यांवर हाताने करून पाहावी आणि संगणकाचे उत्तर त्याशी ताडून घ्यावे.

विचारपूर्वक मोजमाप केले तर साध्या साधनांनीही केवढे काम होते, याचे उदाहरण मराठी वाचकाला दूर शोधावे लागत नाही. १९०७ साली गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तक्षशिला येथे सापडलेल्या प्राचीन आहत नाण्यांची वजने केली. नाणे हातोहात फिरताना झिजते. नाण्याच्या मागील बाजूस जितक्या खुणा अधिक, तितके सरासरी वजन कमी, असा नियमित संबंध त्यांना आढळला. त्यावरून या खुणा नाणी चलनात असताना वेळोवेळी उमटविलेल्या असाव्यात, असे अनुमान त्यांनी केले. येथे खुणा ही एक राशी, वजन ही दुसरी. आणि दोहोंना जोडणारे झिजेचे कारण आधी विचाराने हाती आले होते.

बाईंच्या गठ्ठ्यात हाच धडा उलट्या बाजूने येतो. अंतर वाढले की हजेरी घटते असे आलेखात दिसले, तरी अंतर हेच कारण असे ठरत नाही. शाळेपासून दूर राहणारी मुले बहुधा शेतकरी कुटुंबांतली असतील, आणि सुगीच्या दिवसांत ती शेतावर जात असतील. तसे असेल तर बसगाडी आणूनही हजेरी वाढणार नाही. सहसंबंधावरील कोणत्याही बऱ्या चित्रफितीत अशा तिसऱ्या कारणाची चर्चा असते, आणि बाईंना टी-टेस्टपेक्षा तिची गरज आधी आहे. एका आलेख-कागदावर एकशेवीस ठिपके मांडावेत; शेतकरी घरांतील मुलांचे ठिपके लाल पेन्सिलीने, इतरांचे निळ्या. लाल ठिपक्यांत आणि निळ्या ठिपक्यांत अंतराचा परिणाम निरनिराळा पाहावा. मग सुगीचे महिने वगळून हजेरी पुन्हा मोजावी लागेल. आणि त्यासाठी वर्षाची एकूण बेरीज पुरत नाही, तेव्हा शाळेच्या कार्यालयातून हजेरीपत्रके महिनावार मागवून घ्यावी लागतील.