रंग वाळतो म्हणजे काय होते?

दाराखिडक्यांना नवा रंग दिला, की घरातल्या लहानथोरांना एकच सूचना मिळते : "हात लावू नका, रंग ओला आहे." संध्याकाळी बोट टेकवून पाहावे तर चिकटते, दुसऱ्या दिवशी मात्र तोच रंग टणक झालेला असतो. आपण म्हणतो, रंग वाळला. पण वाळला म्हणजे नेमके काय झाले? प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर शोधू लागलो, तर साबणापासून तुरटीपर्यंत आणि शेंदरापासून लहान मुलांच्या प्रकृतीपर्यंत जाऊन पोचावे लागते.

वाळण्याचे दोन प्रकार आहेत, ते आधी वेगळे करू. धोतर दोरीवर वाळत घातले, की त्यातले पाणी वाफ होऊन निघून जाते. ओले धोतर जड, वाळलेले हलके. तव्यावर तुरटी तापवली, की ती फुगते आणि तिची लाही होते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. तुरटीच्या वजनात शेकडा 45 च्या आसपास पाणीच असते. ते निघून गेले म्हणजे उरते ती लाही. तुरटीत ॲल्युमिनियम धातू असतो. याच धातूचे एक संयुग भाजून त्यातले पाणी हाकलले, की बारीक छिद्रांचे दाणे तयार होतात. ही छिद्रे हवेतला ओलावा धरून ठेवतात. कारखान्यांतून दाबाखालची हवा आणि निरनिराळे वायू कोरडे करायला हे दाणे वापरतात. ओलावा धरून धरून ते थकले, की पुन्हा तापवायचे आणि पुन्हा कामाला लावायचे. या सगळ्या वाळण्यात पाणी जाते, एवढे लक्षात ठेवा.

आता तेलाकडे वळू. पणतीतले तिळाचे तेल चार दिवस उघडे राहिले, तर चिकट होते, पण त्याचा कडक पापुद्रा होत नाही. जवसाचे तेल मात्र लाकडावर पातळ पसरले, तर काही दिवसांत त्याचा पक्का पापुद्रा बनतो. आणि गंमत अशी, की या वाळण्यात वजन घटत नाही, उलट वाढते. जवसाच्या तेलाचा थर वाळताना आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक प्राणवायू हवेतून ओढून घेतो. म्हणजे कपडा वाळतो तेव्हा काही तरी जाते. तेल वाळते तेव्हा काही तरी येते. जवसाच्या तेलाच्या अणुसाखळ्यांत जागोजाग दुहेरी बंध असतात. त्यांच्या आसपास प्राणवायू जोडला जातो आणि त्यायोगे एक साखळी शेजारच्या साखळीशी बांधली जाते. सुटे धागे विणले जाऊन कापड व्हावे, तसे पातळ तेलाचे घट्ट जाळे होते.

विदर्भातल्या शेतकऱ्याला जवस नवे नाही. पण नुसत्या कच्च्या तेलात रंग कालवला, तर तो वाळायला कित्येक दिवस लागतात. तोवर धूळ बसते, माश्या चिकटतात. म्हणून जुने कारागीर हे तेल मुरदाडशिंग घालून उकळीत. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचा ऑक्साइड. असे उकळलेले तेल लवकर वाळते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. पण ते कां वाळते?

याचे उत्तर साबणात आहे. तेलातले स्निग्धाम्ल आणि सोडा यांचा संयोग झाला, की आपला नेहमीचा साबण होतो. सोड्याच्या जागी दुसरा धातू आला, तर त्याचाही साबणच होतो. मात्र अशा बहुतेक धातूंचा साबण पाण्यात विरघळत नाही. तुम्ही असा साबण पाहिलेला आहे. मचूळ विहिरीच्या पाण्यात साबण लावला, की फेस न येता पांढरा साका धरतो ना? तो चुन्यातल्या कॅल्शियमचा साबण. मुरदाडशिंग तेलात उकळले, की शिशाचा साबण तयार होतो. धातूचा साधा क्षार तेलात विरघळत नाही. साबणाच्या रूपाने मात्र तो तेलात मिसळतो आणि थराच्या कानाकोपऱ्यात पोचतो. रंगाच्या धंद्यात अशा साबणांना 'ड्रायर' म्हणतात.

आता हे काम बहुतेक ठिकाणी कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे साबण करतात. कोबाल्टची गोष्ट लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखी आहे. तो तेल आणि प्राणवायू यांची गाठ घालून देतो आणि पुढच्या घरी जातो. स्वतः खर्च होत नाही. म्हणून तो फार थोडा पुरतो. शंभर किलो तेलाला पन्नास ग्रॅमच्या आसपास कोबाल्ट धातू साबणाच्या रूपाने असला, तरी काम भागते. पण कोबाल्ट वरचा थर आधी वाळवतो. लवकर वाळावा म्हणून रंगाऱ्याने हात सैल सोडून ड्रायर ओतला, तर वर साय धरते, आत ओले राहते आणि रंगाला सुरकुत्या पडतात. रंग पातळ हाताने द्यावा आणि एक हात वाळल्यावर दुसरा द्यावा, यामागचे एक कारण हेच.

मग ॲल्युमिनियमच्या साबणाचा उपयोग काय? कोबाल्ट प्राणवायूची देवघेव करू शकतो, कारण तो आपली संयुजा दोन आणि तीन अशी बदलतो. ॲल्युमिनियमची संयुजा तीनच राहते. म्हणून मध्यस्थी त्याला जमत नाही. पण साखळ्या एकमेकींशी बांधायला त्याची काही संयुगे मदत करतात. त्याच्या साबणाचे मुख्य काम मात्र तेल दाट करणे हे आहे. तो रंगात घातला, की रंगाची पूड तळाशी बसत नाही. काही प्रकारचे वंगणही त्यानेच दाट करतात. आणखी एक गुण म्हणजे तो पाण्याला दूर ठेवतो. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. जाड सुती कापडाचा तुकडा साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, पिळून तुरटीच्या पाण्यात बुडवा आणि वाळवा. धाग्यांत ॲल्युमिनियमचा साबण बसतो. मग त्यावर आणि साध्या तुकड्यावर पाण्याचे थेंब टाकून फरक पाहा.

आता दोन धोके सांगतो. ते मुलांना आणि रंगाऱ्यांना आवर्जून सांगा.

पहिला आगीचा. तेल प्राणवायू घेताना उष्णता बाहेर पडते. दारावरच्या पातळ थरातली उष्णता हवेत निघून जाते. पण जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर ती आतच कोंडते, वाढते आणि काडी न ओढता चिंध्या पेट घेऊ शकतात. अशा चिंध्या मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवाव्यात, नाही तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

दुसरा धोका शिशाचा. तो अधिक मोठा, कारण तो दिसत नाही. शिसे ड्रायरमध्ये असेच, पण त्याहून कितीतरी अधिक रंगाच्या पुडीत असे : पांढऱ्या सफेद्यात, पिवळ्या क्रोमात, लोखंडाला लावायच्या शेंदरात. जुना रंग खरवडला, की त्याची धूळ उडते; ती मुलांच्या हाताला लागते आणि पोटात जाते. शिसे वाढत्या मुलाच्या मेंदूला इजा करते. मुलांच्या रक्तात अमुक इतके शिसे असले तरी चालेल, अशी सुरक्षित मर्यादा शास्त्राला सापडलेली नाही. आपल्या केंद्र सरकारने 2016 साली नियम केले आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक असू नये, असे बंधन लागू झाले. शिशाच्या ड्रायरची जागा झिर्कोनियमसारख्या धातूंच्या साबणांनी घेता येते, तेव्हा शिशावाचून अडत नाही.

पण नियम नव्या डब्यासाठी आहे. जुन्या दारावरचा रंग तिथेच आहे. म्हणून शाळेची जुनी दारे, बाके रंगवायची असतील, तर सुट्टीत रंगवा. जुना रंग कोरडा घासू नका, जाळूनही काढू नका. पाणी लावून ओल्या पॉलिश कागदाने घासा, पडलेला चुरा ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि ते काम होईपर्यंत मुलांना व गरोदर बायकांना तिकडे फिरकू देऊ नका. नवा डबा घेताना त्यावर शिशाविषयी काय छापले आहे, ते वाचा.

पुढच्या वेळी "हात लावू नका, रंग ओला आहे" असे कोणी म्हणाले, तर तो रंग हवेतला प्राणवायू ओढून घेत आहे, हे मुलांना सांगा. आणि हात कां लावायचा नाही याची जी दोन कारणे आपण आज पाहिली, तीही त्यांना सांगा.