कुलूप लावण्यापूर्वी

जोयडा तालुक्यात घर सोडून जाणे ही नवी गोष्ट नव्हे. काळी नदीवर सूपा धरण बांधले गेले आणि १९८० च्या दशकात मूळ सूपा गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, आणि कितीतरी कुटुंबांनी रामनगरास बिऱ्हाडे थाटली. त्या वेळी घर सोडणाऱ्याने चुलीचे तीन दगड मागे ठेवले, की स्वयंपाकघराचा हिशेब संपत असे. आज तसे नाही. मुले गोव्यास वा बेळगावास नोकरीला, आणि मागे एकटी राहिलेली आई एके दिवशी त्यांच्याकडे निघून जाते. कोणी व्याघ्रप्रकल्पाच्या क्षेत्रातून स्वखुशीने पुनर्वसन पत्करून बाहेर पडतो. तसबिरी, भांडीकुंडी, भाताची कणगी, सर्व हलते. मात्र शेगडीला जोडलेली गॅसची टाकी कुलूपबंद घरात तशीच उभी राहते. तिजविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला, तर छपराकडे न जाता जमिनीलगत पसरतो आणि दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत साचून राहतो. रबरी नळीचे आयुष्य पाच वर्षांचे धरलेले आहे. निर्मनुष्य घरातील उंदीर तितकी वाट पाहत नाहीत. गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. पण वास घेण्यास घरात कोणी तरी हवे ना! पावसाळा सरल्यावर कोणी येऊन दार उघडतो, आत अंधार म्हणून काडी ओढतो किंवा विजेचे बटण दाबतो. पुढचे आम्ही लिहीत नाही. असा वास आला, तर बटणास हात न लावता दारे उघडावीत, बाहेर यावे आणि १९०६ ह्या क्रमांकावर कळवावे. आमच्या रानातल्या वाड्यांत फोन लागण्यासाठी टेकडीवर चढावे लागते, हे मात्र त्या क्रमांकाला ठाऊक नसते.

नाताळास आणि मे महिन्यात जी मंडळी घरी येतात, त्यांनी टाकी परत करण्याची घाई करू नये. रेग्युलेटर काढून ठेवावा, दोरीने बांधलेली टोपी टाकीच्या तोंडावर घट्ट बसवावी आणि टाकी वारा खेळेल अशा जागी उभी ठेवावी. एवढ्याने भागते. जेथे पुन्हा चूल पेटावयाची नाही, तेथे मात्र जोडणी रीतसर बंद करणे हाच मार्ग आहे.

पुष्कळांना वाटते, की टाकी आपल्या मालकीची. ती कंपनीची असते. आपण भरतो ती अनामत. म्हणून ती विकता येत नाही, आणि मायेने शेजारणीस देऊन टाकणेही बरोबर नव्हे. गावोगाव हे घडते, आणि देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. परंतु गॅसचा अपघात झाल्यास घरादाराच्या नुकसानीची विम्याची भरपाई नोंदलेल्या पत्त्यावरील घरासच मिळते. शेजारीण उघड्यावर पडते.

जोडणी बंद करावयाची, तर टाकी, रेग्युलेटर, गॅसचे पुस्तक, ओळखपत्र आणि जोडणी घेताना मिळालेली मूळ पावती, म्हणजे सब्स्क्रिप्शन व्हाउचर, घेऊन आपल्या वितरकाकडे जावे. पावती हरवली असल्यास तसे प्रतिज्ञापत्र लिहून द्यावे लागते. ज्याच्या नावे जोडणी होती तो घरधनी वारला असेल, तर मृत्यूचा दाखला आणि अन्य वारसांची संमती लागते. तेव्हा भावंडे एकत्र जमलेली असतानाच त्यांच्या सह्या घेऊन ठेवाव्या. पुढे एक मुंबईस, दुसरा आखातात, आणि कागद पेटीत पडून राहतो.

पैशांविषयी एक गैरसमज फार आढळतो. परत मिळते ती पावतीवर लिहिलेली रक्कम, आजचा दर नव्हे. घरगुती १४.२ किलोच्या टाकीची अनामत जून २०२२ मध्ये १४५० रुपयांवरून २२०० रुपये झाली. ज्यांनी त्यापूर्वी जोडणी घेतली, त्यांना जुनीच रक्कम मिळेल, आणि फार जुन्या घरांस तर अगदीच थोडी. यासाठी, मुलाच्या घरी स्वतंत्र जोडणीची गरज पडणार असेल, तर ती बंद करण्याऐवजी तिकडे बदलून घेता येईल काय, हे वितरकास आधी विचारावे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतील घरांची अनामत सरकारने भरलेली असते. ती आपल्या हाती येईल, अशी अपेक्षा धरू नये. टाकीत उरलेल्या गॅसचे पैसेही गृहीत धरू नयेत. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात तो स्वयंपाकास वापरून संपवावा.

टाकी रिकामी वाटली तरी तिच्यात थोडा गॅस राहतोच. तेव्हा टोपी बसवून ती उभीच न्यावी, जीपच्या टपावर आडवी टाकू नये. आणि जोडणी बंद झाल्याचा कागद, ज्याला टर्मिनेशन व्हाउचर म्हणतात, तो हाती पडल्याखेरीज वितरकाच्या दारातून परत फिरू नये.