दगडफूल : मसाल्याच्या डब्यातले, प्रयोगशाळेतले

• काय आहे : फूल नव्हे, वनस्पतीही नव्हे. बुरशी आणि शैवाल (किंवा सायनोबॅक्टेरिया) यांचे एकत्र जगणे. बुरशी आसरा देते, ओलावा धरते. जोडीदार उन्हात साखर तयार करतो. अशा जोडीला लायकेन म्हणतात.

• कधी कळले : १८६७. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेन्डेनर यांनी हे दुहेरी रूप मांडले. तेव्हाच्या अनेक नामवंत अभ्यासकांनी ते मानले नाही. २०१६ मध्ये काही जातींच्या वरच्या थरात यीस्टही आढळले.

• वाढ : फारच संथ. खडकाला चिकटून वाढणाऱ्या अनेक जाती वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर पसरतात. म्हणून एकदा खरवडलेला खडक पुन्हा भरायला कित्येक वर्षे लागतात. प्रयोगशाळेत बुरशी वेगळी वाढवता येते, पण दोघांना जुळवून पुन्हा पूर्ण लायकेन घडवणे अवघड.

• रसायने : लायकेनमधली बहुतेक खास संयुगे बुरशी बनवते. सर्वांत अभ्यासलेले असनिक आम्ल (C₁₈H₁₆O₇) : पिवळे, जीवाणूरोधक. १८४४ मध्ये प्रथम वेगळे केले. पोटात घेतल्यास यकृताला इजा होऊ शकते.

• शाळेतली ओळख : लिटमसचा रंग मूळचा रोसेला वंशाच्या लायकेनपासून. आम्लात लाल, आम्लारीत निळा.

• हवेचा निर्देशक : मुळे नाहीत, पाणी आणि क्षार थेट हवा-पावसातून. सल्फर डायऑक्साइड वाढला की नाजूक जाती आधी नाहीशा होतात.

• गोडा मसाला : त्यातले दगडफूल म्हणजे मुख्यतः पार्मोट्रेमा वंशातले लायकेन. कोरडे असताना वास मंद. तेलात परतल्यावर दरवळते.